एकादशीपासून गोळी बंद? (गीता, अध्याय ६, श्लोक २५)



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या सहाव्या अध्यायातला पंचविसावा श्लोक घेतला आहे. ध्यान कसं करावं हे भगवंत अर्जुनाला सांगताहेत. त्याचा भाव साध्या शब्दांत असा: धीरानं धरून ठेवलेल्या बुद्धीचा हात धरून माणसानं सावकाश, अगदी सावकाश निवत जावं. मनाला त्याच्या स्वतःच्या घरी नेऊन बसवावं, आणि मग इतर काही चिंतत बसू नये.

पोथी उघडून मूळ श्लोक एकदा बघा. 'सावकाश' या अर्थाचा शब्द तिथं एकदा येत नाही, लागोपाठ दोनदा येतो. अनुष्टुभ छंदाचा श्लोक म्हणजे सगळी मिळून ३२ अक्षरं. इतक्या अडचणीच्या जागेत एक एक अक्षर तोलून वापरावं लागतं, तिथं भगवंतांनी एकच शब्द दोनदा खर्च केला. आई मुलाला रस्ता ओलांडताना "हळू, हळू" म्हणते ना, तसं. एकदा म्हटलेलं पोरगं ऐकत नाही, हे तिला ठाऊक असतं.

हा श्लोक आजच का घेतला, ते सांगतो. नांदेडच्या एका तरुणानं परवा विचारलेला प्रश्न डोक्यातून जात नाहीये. त्याची आई लातूरला असते. वय साठीच्या पुढं. दहा-अकरा वर्षांपूर्वी घरात एक मोठा धक्का बसला, झोप उडाली, छातीत धडधड व्हायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी रात्रीची एक छोटी गोळी लिहून दिली. अल्प्राझोलाम. पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी दहा वर्षं चालली. पुढं एकाची दोन झाली. आता आईनं पंढरपुरात माळ घातली आहे आणि ती म्हणते, "माळ घातली, आता गोळी कशाला? येत्या एकादशीपासून बंद. पांडुरंग बघून घेईल." मुलाचा प्रश्न असा: "मी तिला अडवू का? अडवलं तर तिच्या आणि देवाच्या मधी आल्यासारखं होतंय. नाही अडवलं तर भीती वाटायली."

प्रश्न एका घरातला आहे, पण लातूर-नांदेडमध्ये तो किती घरांत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. आपल्या वाचकांतले कितीतरी जण नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहिलेत. मेसचा डबा, अभ्यासिका, रविवारची टेस्ट, आणि मे महिन्यात एका दुपारी होणारी एकच परीक्षा. रात्री डोळा लागत नाही म्हणून कुणाच्या तरी चिठ्ठीवर सुरू झालेली गोळी कॉलेजात, मग नोकरीत सोबत आलेली, हेही आपल्यातच आहे. म्हणून आजचं चिंतन जरा लांबेल. सांभाळून घ्या.

अर्जुनाला काय झालं होतं?

गीतेचा पहिला अध्याय आपण भराभर उरकतो. जरा थांबून २८ ते ३० हे श्लोक वाचा. अर्जुन स्वतःच्या शरीराचा हाल सांगतो: गात्रं गळाली आहेत, तोंड कोरडं पडलंय, अंग थरथरतंय, रोमांच उभे राहिलेत, हातातून गांडीव निसटतंय, कातडीची आग होतेय, उभं राहवत नाही, डोकं गरगरतंय. आज कुणी तरुण हीच यादी घेऊन दवाखान्यात गेला तर डॉक्टर काय लिहितील, हे तुम्हाला माहीत आहे. आणि हा माणूस भित्रा नव्हता. त्या काळातला सर्वात मोठा धनुर्धर, त्यात प्रत्यक्ष भगवंत त्याच्या रथावर बसलेले. तरीही अंग थरथरलं.

याचा अर्थ लक्षात घ्या. देव इतका जवळ असतानाही शरीर घाबरू शकतं. घाबरणं हा श्रद्धेच्या परीक्षेत नापास झाल्याचा दाखला नाही.

आता पुढची गंमत. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत त्याला दोन श्लोकांत चांगलं खडसावतात: हे कुठून आलं तुला, हा दुबळेपणा सोड, ऊठ. घरोघरी आपण हेच करतो. "काही झालं नाही तुला, मनाचे खेळ आहेत सगळे, ऊठ." पण त्या खडसावण्यानं अर्जुन उठला का? नाही. नवव्या श्लोकात तो पुन्हा "मी लढणार नाही" म्हणून गप्प बसतो. त्यानंतर भगवंत हसतात आणि समजावायला लागतात, ते थेट अठराव्या अध्यायापर्यंत. दोन श्लोकांचं रागावणं फुकट गेलं, शेकडो श्लोकांचं समजावणं कामी आलं. आणि अर्जुन "आता मी स्थिर झालो" म्हणतो तो कधी? अगदी शेवटाकडं, अठराव्या अध्यायाच्या ७३व्या श्लोकात. एका क्षणात तोही बरा झाला नाही.

गोळी शरीरात काय करते?

मी डॉक्टर नाही. पण ज्याबद्दल संकल्प सोडायचा, ती गोष्ट काय आहे हे समजून न घेता सोडलेला संकल्प आंधळा असतो. म्हणून जाणकारांचं जे सर्वमान्य आहे, तेवढं मांडतो.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम ही सगळी एका कुळातली औषधं. या कुळाला बेंझोडायझेपिन म्हणतात. पहिलं औषध १९६० साली बाजारात आलं, डायझेपाम १९६३ साली. आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन असतं, ते ब्रेकचं काम करतं. ही गोळी त्या ब्रेकवर आणखी एक पाय ठेवते. म्हणून अर्ध्या-एक तासात धडधड थांबते, झोप येते. तातडीच्या वेळी ही मोठी दया आहे. तिला नावं ठेवू नयेत.

पण हे औषध मुख्यतः थोड्या दिवसांसाठी आहे, साधारण दोन ते चार आठवडे. महिनोन् महिने बाहेरचा पाय ब्रेकवर राहिला की मेंदू आपला स्वतःचा पाय हळूहळू काढून घेतो. त्याला वाटतं, कुणीतरी दाबतंयच की. मग एके दिवशी बाहेरचा पाय अचानक काढला तर उतारावरची गाडी बिनब्रेकची. झोप साफ उडते, हातपाय कापतात, घाम फुटतो, काळीज धडधडतं, उजेड आणि आवाज सोसवत नाही. मूळची चिंता दुप्पट होऊन परतते. आणि काहींना फिट येते. ती जिवावर बेतू शकते. अल्प्राझोलामसारखी लवकर उतरणारी गोळी असेल तर हा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होऊ शकतो.

विष्णुपुरीचं धरण नांदेडकरांना सांगायला नको. पावसाळ्यात पाणी वाढलं तरी सगळे दरवाजे एकदम उघडत नाहीत. आधी खालच्या गावांना इशारा, मग एकेक दरवाजा. पाणी सोडायचंच असतं, त्याबद्दल वाद नाही. पण एकदम सोडलं तर खालची गावं वाहून जातील.

म्हणून एक गोष्ट मनाशी पक्की करा. डॉक्टरांनी दिलेली गोळी सांगितल्याप्रमाणे घेऊन शरीराला तिची सवय लागणं आणि नशेसाठी व्यसन करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या लातूरच्या माउलीनं कुठलंही पाप केलेलं नाही. तिला 'गोळ्या खाणारी' म्हणून हिणवू नका, आणि तिनंही स्वतःला तसं समजू नये.

एकदम सोडणं हे तप आहे का?

आता मूळ प्रश्न. आई म्हणते, माळ घातली, आता गोळी सोडणं हा त्याग आहे, तप आहे. शास्त्राला विचारू या.

सतराव्या अध्यायाच्या पाचव्या-सहाव्या श्लोकांत भगवंत एका प्रकारच्या तपाबद्दल फार कडक बोलतात. शास्त्रानं न सांगितलेलं घोर तप जे लोक हट्टानं, दंभानं करतात, ते शरीरातल्या पंचमहाभूतांना तर शिणवतातच, पण शरीरात राहणाऱ्या मलाही शिणवतात, असा त्याचा आशय. थांबून विचार करा. माउलीच्या देहात जो पांडुरंग बसलाय, तोच त्या थरथरीत थरथरणार आहे. त्याच्यासाठी म्हणून त्यालाच त्रास द्यायचा?

अठराव्या अध्यायात तर त्यागाचेच तीन प्रकार आहेत. जे करणं आपलं कर्तव्य आहे, ते मोहापायी, नीट न समजून टाकून देणं, याला सातव्या श्लोकात तामस त्याग म्हटलंय. देह जपणं हे गृहस्थाचं कर्तव्य आहे. वाचून धक्का बसतो, पण अर्थ सरळ आहे: त्यागालाही समज लागते. समजेशिवाय टाकलेली गोष्ट त्याग ठरत नाही, ती नुसती फेकलेली असते.

मग हिंमत दाखवायची कुठं? आजचा श्लोक तेच सांगतो. बुद्धी कशानं धरलेली असावी? धृतीनं, म्हणजे धीरानं. एका रात्रीत पट्टी कचऱ्यात टाकायला धीर लागत नाही, आवेश पुरतो. पाव गोळी कमी करून, तीन आठवडे त्याच पायरीवर थांबून, वाईट रात्री सोसून, पुन्हा पाव कमी करायला धीर लागतो. भगवंताला आवडणारी हिंमत ही आहे.

किती सावकाश?

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टर बाईंनी १९८२ पासून बारा वर्षं फक्त याच कामाचा दवाखाना चालवला. वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्यांना त्यातून सावकाश बाहेर काढायचं, एवढंच काम. त्यांचं सांगणं असं की डोस थोडा थोडा उतरवावा, साधारण दहावा हिस्सा, आणि वेग पेशंटच्या शरीरानं ठरवावा. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२५ साली दिलेल्या मार्गदर्शनातही हाच सूर आहे: सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कमी करण्याचा विचार करावा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त सहसा उतरवू नये. दर महिन्याला चालू डोसच्या दहा टक्के कमी केले, तर सहा महिन्यांत डोस साधारण निम्म्यावर येतो. इतकं सावकाश! कुणाला वर्ष लागतं, कुणाला त्याहून जास्त. काही वेळा डॉक्टर लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी शरीरात जास्त वेळ टिकणारी गोळी देतात आणि मग ती उतरवतात. हे सगळं गणित डॉक्टरांनीच करायचं. ब्लेड घेऊन घरी गोळीचे तुकडे करत बसू नका. आणि क्वचित एखाद्याला फिटसारख्या दुसऱ्या आजारासाठी ही गोळी चालू असते. त्यानं तर विचारल्याशिवाय हातच लावू नये.

आता यातला योग बघा. दोन ते चार आठवडे म्हणजे किती? एकादशी ते एकादशी पंधरवडा. एक सोडून एक धरली तर महिना. वर्षात २४ एकादश्या. मी त्या मुलाला म्हणालो, आईची एकादशी मोडू नकोस. उलट तिला सांग, "आई, एकादशीपासूनच सुरू करू." येत्या एकादशीला गोळी बंद करायची नाही, त्या दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं जायचा संकल्प सोडायचा. डॉक्टरांनी पायऱ्या ठरवून दिल्या की एका वहीत मांडायच्या, आणि त्यांना चालत असेल तर प्रत्येक पायरी एकादशीशी जोडायची. त्या दिवशी आधी देवापुढं वही ठेवायची, मागचा पंधरवडा कसा गेला ते आईनं स्वतः वाचायचं. झोप किती लागली, थरथर होती का, भजनाला गेले का. ही वही पांडुरंगालाही दाखवायची आणि डॉक्टरांनाही. म्हणजे तू तिच्या आणि देवाच्या मधी येत नाहीस. तू वही धरून शेजारी बसलास.

वाटेवरचे मुक्काम

शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरकडं निघते, ती आपल्या परभणी-गंगाखेड-परळीच्या वाटेनं. महिनाभर चालते. रोज ठरलेला टप्पा, ठरलेला मुक्काम. कुणी म्हणत नाही की देवाची ओढ आहे तर धावत सुटा, दोन दिवसांत पोचा. पायाला फोड आला तर वारकरी मुक्कामावर पाय शेकतो, सकाळी पुन्हा दिंडीत उभा राहतो. मागं कुणी फिरत नाही, पुढं कुणी पळत नाही.

गोळी उतरवतानाही असेच मुक्काम येतात. चार दिवस छान जातात, पाचव्या रात्री लाट येते. लाट आली म्हणजे सगळं हरलो, असं नाही. त्याच पायरीवर थांबायचं, डॉक्टरांना सांगायचं, उतरली की पुढं. शेवटचे टप्पे कित्येकांना जास्त जड जातात, तेव्हा पाऊल आणखी लहान करायचं. दुसऱ्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकाचा आशय या रात्रींसाठीच जपून ठेवा: शीत-उष्ण, सुख-दुःख येतात आणि जातात, टिकत नाहीत, ते सोस. रात्री तीन वाजता 'हे जाणारं आहे' एवढं आठवलं तरी पुष्कळ.

साधनेचं म्हणाल तर सहाव्या अध्यायाचे १६ आणि १७ हे दोन श्लोक पुरेत. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, झोप, जाग, सगळं बेतानं. त्यातून आजच्या भाषेत एवढं निघतं:

रात्री झोप लागो न लागो, सकाळी उठायची वेळ एकच ठेवा. झोपेचे डॉक्टरही हेच सांगतात. काकड्याची वेळ ज्यानं धरली, त्याच्या शरीराचं घड्याळ आपोआप लागतं.

या काळात निर्जळी उपवास नको. फळं, दूध, भगर, पोटभर पाणी घेऊन एकादशी करा, आणि तीसुद्धा डॉक्टरांना विचारून. उपवासाच्या दिवशी गोळीची वेळ चुकवू नका.

दारू अजिबात नको. या गोळीबरोबर ती श्वास मंदावते. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी, हेही विचारल्याशिवाय नको. दुपारनंतरचा चहा कमी करा. आणि 'झोपेची खात्रीशीर पुडी' म्हणून कुणी बिननावाचं चूर्ण दिलं तर घेऊ नका.

वयस्कर माणूस घरात असेल तर रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा. या गोळ्यांमुळं म्हाताऱ्या माणसांना तोल जाऊन पडण्याचा धोका जास्त असतो, आणि उतरवण्याच्या काळातही जपावं लागतं.

नामाची गोळी करू नका

आता एक नाजूक गोष्ट. आपल्यातले पुष्कळ जण सांगतात, "गोळी सोड, त्याऐवजी नाम घे." नाम घ्याच. पण 'त्याऐवजी' हा शब्द काढून टाका. गोळी अर्ध्या तासात धडधड थांबवते, म्हणून नामानंही अर्ध्या तासात थांबवावी अशी अपेक्षा ठेवली, की नामाचीच गोळी झाली. मग एखाद्या रात्री माळ ओढूनही झोप लागली नाही की माणूस म्हणतो, नामात काही नाही, किंवा माझ्यातच भक्ती नाही. दोन्ही खोटं.

गंगाखेडच्या जनाबाईंची आठवण करा. आपल्या गोदाकाठचीच लेक. विठ्ठल तिच्या जात्याला हात लावायला यायचा, ही कथा आपण लहानपणापासून ऐकलीय. तिच्यात एक बारीक गोष्ट आहे. देवानं दळण नाहीसं केलं नाही. पीठ आयतं भरून ठेवलं नाही. दळण तितकंच राहिलं, फक्त खुंट्याला दुसरा हात आला. नामाकडून एवढंच मागा. रात्र जाईल तेव्हा जाईल, पण मी एकटा जागा नाही. हे मागणं कधी फुकट जात नाही.

आणि दिवसा मन पुन्हा पुन्हा भीतीकडं पळालं तर? लगेच पुढच्या, २६व्या श्लोकात त्याचं उत्तर आहे: चंचल मन जिथं जिथं पळेल तिथून तिथून ते परत आणावं. किती वेळा, हा आकडा भगवंतांनी दिलेला नाही. शंभर वेळा पळालं तर शंभर वेळा आणायचं. परत आणणं हीच साधना.

ही माती भीती ओळखते

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चार वाजायला काही मिनिटं होती. गणपती विसर्जनाच्या रात्री गावं दमून झोपली होती, आणि किल्लारी-सास्तूरच्या बाजूला जमीन हलली. हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गेली. ज्यांचं त्या वेळी वय कळतं होतं, त्या लातूर-धाराशिवच्या माणसांना पुढं कित्येक दिवस छताखाली झोपायची भीती वाटायची, हे आपण घरातल्या मोठ्यांकडून ऐकलंय. त्या भूकंपाचा लोकांच्या मनावर काय परिणाम झाला, याचाही पुढं अभ्यास झाला. ज्यांना आपण नट म्हणून ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून त्या कामात होते. म्हणजे तीस वर्षांपूर्वीच या मातीनं मान्य केलंय की भिंत पडते तशी झोपही पडते, आणि दोन्ही पुन्हा बांधाव्या लागतात. भिंत बांधायला गवंडी बोलावतो. झोप बांधायला डॉक्टर बोलावला तर त्यात देवाचा कसला अपमान?

आणि डॉक्टर कुठं शोधायचा, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड नाही. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येतं. आणि फिट आली, माणूस बरळायला लागला, नसलेलं काही दिसू-ऐकू लागलं, किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलला, तर वही-एकादशी सगळं बाजूला ठेवा. थेट १०८ किंवा मोठा दवाखाना. त्या वेळी तीच पूजा.

एक विनंती औषध आणून देणाऱ्या पोरांना. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधं मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहेत. पट्टीवर लाल चौकटीतली सूचना त्यासाठीच असते. चिठ्ठी बघून, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहूनच ती द्यायची, आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं, असा नियम आहे. तरी ओळखीवर, जुन्या चिठ्ठीवर पट्टी मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. 'आईची गोळी आण' म्हटलं की आणतो, पण चिठ्ठी शेवटची कधी बदलली हे कुणी बघत नाही. आज बघा.

आजचा संकल्प

ज्यांच्या घरात अशी गोळी वर्षभराहून जास्त चालू आहे, त्यांनी आज फक्त तीन कामं करायची. पट्टीवरचं नाव आणि किती मिलिग्रॅम ते वहीत लिहायचं. ती कधी आणि कशासाठी सुरू झाली, ते त्या माणसाशेजारी बसून, न रागावता विचारायचं. आणि डॉक्टरांची वेळ घ्यायची. आज गोळी कमी करायची नाही, बंद तर नाहीच. गोळी स्वतः तुम्हीच घेत असाल तर हीच तीन कामं स्वतःसाठी करा, आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगा. लपवून चाललेली वाट फार लांब वाटते.

आणि मधेच अडकलो, पूर्ण सुटली नाही, अर्ध्यावरच थांबावं लागलं तर? अर्जुनालाही हीच शंका आली होती. योगाच्या वाटेवर मधेच राहिलेल्याचं काय होतं, असं त्यानं याच सहाव्या अध्यायात विचारलंय. ४०व्या श्लोकात भगवंत त्याला 'बाळा' म्हणावं तशा मायेनं हाक मारून सांगतात की चांगल्या वाटेला लागलेल्या कुणाचीच दुर्गती होत नाही. दोनाची एक झाली, तेवढीही वाट चाललेलीच आहे. आणि एखाद्याला डॉक्टर म्हणाले की याला गोळी चालूच ठेवायची आहे, तर त्यानं ती निवांत मनानं, देवाचं नाव घेऊन घ्यावी. त्याच्या भक्तीत त्यानं तसूभरही उणं येत नाही.

पांडुरंगा, आम्हाला घाई फार. बरं होण्याची घाई, चांगलं होण्याची घाई, तुझं होण्याचीसुद्धा घाई. आमच्या बुद्धीला धीराचा हात दे. ज्यांची आजची रात्र जागरणाची आहे, त्यांच्या उशाशी तू बस. आणि त्यांच्या घरच्यांना रागावण्याऐवजी समजावण्याची वाणी दे.

उद्या याच अध्यायातला ३५वा श्लोक घेऊ: अभ्यास आणि वैराग्य.

राम कृष्ण हरि!